जादा गाडी

काका,

परवा कुंभार पिंपळगावला जाऊन आले. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक जुना फोन पडलाय. काच तडकलेली, मागचं झाकण निसटू नये म्हणून रबर लावलेलं. त्यात तुमचा आवाज आहे, सव्वा मिनिटाचा. हा फोन जाफराबादला नेऊन काकूंना ऐकवायचा आणि शुक्रवारच्या आत जिचा तिला परत करायचा, एवढं साधं काम आहे आणि दोन दिवस मी ते करत नाहीये. काल रजा टाकली, मंठ्याच्या स्टँडवर गेले, जालन्याची गाडी समोर लागली, आणि मी घरी परत आले. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाले गर्दी होती. गाडी अर्धी रिकामी होती. आज सकाळपासून तिसऱ्यांदा कागद घेऊन बसते आहे. दोन ओळी लिहिते, उठते, गॅसवर काही नसताना गॅस बघून येते, पुन्हा बसते. बोटं म्हणाल तर आज बरी आहेत, त्यांच्यावर ढकलता येणार नाही.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. आपल्या संधिवाताच्या गटात आता निम्मे लोक असे आहेत ज्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, ऐकलेलंही नाही. ऐकलेलं नाही याचं कारण मी आहे. तुमचा आवाज सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाका असं मीच सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. ते बरोबर होतं की नाही यावर मी सहा वर्षं तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही उत्तर देत नाही, त्यामुळे भांडण मीच जिंकते आणि मला ते जिंकलेलं पचत नाही.

पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? जालन्याला आपले डॉक्टर महिन्यातून दोनदा यायचे तेव्हाची गोष्ट. बाहेर बाकांवर पन्नास-साठ माणसं, कुणाची बोटं, कुणाचे गुडघे, आणि आतून एक मुलगी नंबर पुकारते आहे तो कुणालाही ऐकू जात नाही. मी एकतीस वर्षांची, पंचायत समितीत कारकून. हातात शिक्का धरता येत नाही म्हणून साहेबांची बोलणी खाऊन आलेली. डोकं तापलेलं. आणि तुम्ही कोपऱ्यातून काठी टेकत उठलात, तोंडासमोर हात धरलात आणि थेट स्टँडवरचा आवाज काढलात, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नंबर अकरा, नंबर अकरा, डॉक्टरसाहेबांच्या फलाटावर ताबडतोब हजर व्हावे." सगळे हसले. मी नाही हसले. मला वाटलं हा माणूस आता गप्प बसणार नाही, आणि तसंच झालं. तुम्ही जन्मभर एसटीत कंट्रोलर होतात, जाफराबादच्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारायचात, हे मला शेजारच्या बाईनं सांगितलं. तुमचे हात मी तेव्हाच पाहिले. माझ्यापेक्षा कितीतरी वाईट. बोटं सगळी एका बाजूला कललेली. मी बघते आहे हे तुमच्या ध्यानात आलं आणि तुम्ही म्हणालात, "बोटं गेली, बाई. पन तोंड शाबूत हाय."

आपली गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. डॉक्टर प्रत्येकाला तीनतीनदा सांगायचे, एकच वार ठरवा, त्या वारी घ्या, रोज घेतलीत तर हेच औषध विष आहे. पण म्हातारी माणसं, लिहिता-वाचता न येणारी माणसं, त्यांना आठ दिवसांचा हिशेब ठेवणं जड जातं. रोजचं औषध माणूस विसरत नाही, आठवड्याचं विसरतो, किंवा विसरलो की काय म्हणून दुसऱ्यांदा घेतो. म्हणून तुम्ही त्या बाकांवरच प्रत्येकाचा वार विचारून घेतला आणि व्हॉट्सॲपवर गट काढला. नावं तुमच्या लक्षात राहत नसत. "नावं ध्यानात ऱ्हात न्हाईत, गाड्या ऱ्हातात," असं म्हणायचात. तेव्हापासून मी मंगळवार. मंठ्याची मंगळवार. अजूनही गटात मला कुणी नावानं हाक मारत नाही.

रोज संध्याकाळी तुमचा आवाज यायचा. टाइप करता येत नव्हतं, त्यामुळे बोलूनच पाठवायचात. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मंगळवारची गाडी फलाटावर लागलेली आहे. मंगळवारच्या प्रवाशांनी जेवण उरकून, गोळी घेऊन, गाडीत बसून घ्यावे. बाकीच्या वारांच्या प्रवाशांनी फलाटावर विनाकारण गर्दी करू नये." मग आम्ही त्या वारचे लोक लिहायचो, "बसले", "बसलो". ज्यांना लिहिता येत नाही ते नुसता अंगठा पाठवायचे. सगळे बसेपर्यंत तुम्ही गाडी सोडायचा नाहीत. एखादा राहिला तर पुन्हा आवाज, "अंबडचे एक प्रवासी अजून हाटेलात चहा पिऊन राह्यलेत, ड्रायव्हर खोळंबलेला आहे." मला सुरुवातीला याचा राग यायचा, खरं सांगते. दुखणं माझं आणि त्याचा तमाशा रोज चाळीस माणसांपुढे कशाला, असं वाटायचं. मी दोनदा गट सोडायला निघाले होते. सोडला नाही, कारण मंगळवारी गोळी हातात घेतली की मला मळमळायला लागायचं, अजून तोंडात टाकायच्या आधीच, आणि तुमचा आवाज आला की ते थोडं हलकं व्हायचं. का, ते माहीत नाही.

तुमची बोलणी मी एकदाच खाल्ली, ते सांगते. मामेबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मंगळवार आला. गोळी घेतली की बुधवार माझा पूर्ण अंथरुणात जातो, आणि मला त्या लग्नात मिरवायचं होतं. मी गोळी घेतली नाही आणि गटात लिहिलं, "बसले." दुसऱ्या दिवशी मांडवात तुमचा फोन. मी बाजूला जाऊन घेतला. "काल तू गाडीत बसलीच न्हाई," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, "लिहिलं की काका." तर तुम्ही म्हणालात, "दर मंगळवारी तू 'बसले' लिहायच्या आधी दहा मिनिटं गोळीला शिव्या देते. काल शिव्या न्हाई आल्या. नुसतं बसले. मी तीस वर्षं फुकटे प्रवासी पाह्यले, मला कळत न्हाई का?" मी हसण्यावारी न्यायला गेले, तर तुमचा आवाज एकदम खाली आला. "माझ्याशी खोटं बोल, चालंल. घरी बोल. पन गटात न्हाई. तुझं 'बसले' बघून दुसरी बाई बसते. उद्या तिला कळलं की ही खोटं लिहिते, तर तिनं कोनाचं पाहून गोळी खायाची?" मांडवात अक्षता वाटून राहिले होते आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला इतका राग आला तुमचा. संध्याकाळी गोळी घेतली आणि गटात लिहिलं, काल घेतली नव्हती, आज घेतली. त्या दिवसापासून मी गटात खोटं लिहिलेलं नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्याच वर्षी थंडीत मी जाफराबादला आले होते तुमच्या घरी. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापत होतात, विळीवर, आणि काकू वैतागलेल्या. "निस्ता पंक्चरच्या दुकानाचा वास सुटलाय घरात. भाजीलाबी त्योच वास." तुमच्या चमच्याला, कंगव्याला, दाढीच्या ब्रशला ट्यूब चढवलेली, धरायला जाड व्हावं म्हणून. तुम्ही माझं पेन मागून घेतलंत आणि त्यावर ट्यूबचा तुकडा चढवायला लागलात. बोटं चालत नव्हती, तर एक टोक दातात धरलंत. मी म्हणाले द्या इकडे, मी करते. तर काकू म्हणाल्या, "करू द्या त्यायला. न्हाई केलं तर दिवसभर चिडचिड करतेत." ते पेन घेऊन मी ऑफिसला गेले, सगळे हसले, आणि महिनाभरात आवक-जावकच्या टेबलावरच्या काळेंनीही आपल्या पेनाला तसंच करून घेतलं. त्यांची बोटं चांगली होती. नुसती हौस. काकूंचं तेव्हाचं बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तुम्हाला सतत काहीतरी विचारत असायच्या आणि तुम्ही फोनवर असल्यामुळे उत्तर देत नसायचात.

मग हा संधिवात तुमच्या फुप्फुसात उतरला. शेवटचे चार महिने गाडी पुकारताना मध्येच धाप लागायची. तुम्ही आवाज छोटे करत गेलात. "मंगळवारची लागली. बसा." एवढंच. आम्ही समजून घ्यायला हवं होतं. पण आपल्यात प्रत्येकाचं काही ना काही चालूच असतं, कुणी कुणाला फार विचारत नाही. एका रविवारी दुपारी जाफराबादच्याच एका ताईंनी गटात लिहिलं की तुम्ही गेलात. खाली तुमचा फोटो, गळ्यात हार. तो फोटो तुमच्या निरोप समारंभाचा होता, घाईत तोच सापडला असेल. मी खरं तर तेव्हाच निघायला हवं होतं. मंठ्याहून जालना, जालन्याहून जाफराबाद, पोचले असते. पण दोन्ही घोटे सुजलेले होते आणि मी स्वतःला सांगितलं की आपल्याला जमणार नाही. जायचं तिथं गेले नाही, आणि काय केलं, तर तुमचा एक जुना आवाज शोधून गटात टाकला.

तो शुक्रवारचा होता. शुक्रवारच्या आजी, कुंभार पिंपळगावच्या, त्यांच्यासाठी तुम्ही खास पुकारायचात, आणि आम्हा सगळ्यांना तेच जास्त आवडायचं. "कुंभार पिंपळगावच्या आजी, आपली गाडी लागलेली आहे. आपण गोळी घेतल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवणार न्हाई, कंडक्टर घंटी मारणार न्हाई, कंट्रोलर घरी जाणार न्हाई." मी तो टाकला आणि ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग बाकीच्यांनी आपापल्याजवळचे टाकायला सुरुवात केली. पाच दिवस गटात तुम्हीच बोलत होतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बहुतेक शुक्रवारचेच. माणूस गेल्यावर घरात भजन लावतात तसं आम्ही तुम्हाला लावून ठेवलं होतं.

आजींना वाचता येत नाही. हे आम्हाला माहीत होतं. त्या आवाजाच्या त्रिकोणावर बोट ठेवतात आणि ऐकतात, एवढंच त्यांना येतं. तुम्ही गेल्याचं सगळं लिहिलेलं होतं. हाराचा फोटो त्यांनी पाहिला आणि त्यांना वाटलं कंट्रोलरचा कुठं सत्कार झाला. आणि आवाज आला, आजी, आपली गाडी लागलेली आहे, तर त्यांनी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा घेतली. पाच दिवसांत चार वेळा. घरातले सगळे कापूस वेचायला, बघायला कुणी नाही.

मला फोन आला तो आजींच्या सुनेचा, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले होते. आजी जालन्याला दवाखान्यात, तोंडात फोड, पाणी गिळता येत नाही, ताप, रक्तातल्या पेशी उतरलेल्या. सून चिडलेली होती आणि तिचं बरोबर होतं. "तुमच्या गटात कोन कंट्रोलर हायेत? त्यायनं रोज गोळी खा म्हनून सांगितलं म्हनते म्हातारी. आसं सांगतेत का? मला त्यायचा नंबर द्या." मी म्हणाले, "ते गेले. नऊ दिवस झाले." तर ती म्हणाली, "मंग हे बोलून कोन राह्यलं?" मी दवाखान्यात गेले पण खोलीत गेले नाही. दारातून बघितलं, सुनेला भेटले, डॉक्टरांची बोलणी खाल्ली आणि परत आले. सुनेनं मला आजींचं म्हणणं सांगितलं. आजी म्हणत होत्या, "रोज रोज गाडी कशी लागून राह्यली म्हनून मलाबी वाटलं. मंग म्हनलं, जत्रेला जादा गाड्या सोडतेत, तशी आसंल. कंट्रोलर म्हनला म्हंजे बराबरच आसंल."

बारा दिवस आजी दवाखान्यात होत्या. त्या बारा दिवसांत मी काय खाल्लं, काय काम केलं, मला आठवत नाही. त्या वाचल्या. ज्या दिवशी घरी सोडलं त्या संध्याकाळी मी गटात लिहिलं की काकांचे सगळे आवाज प्रत्येकानं आपल्या फोनमधून पुसायचे, एकही ठेवायचा नाही, आणि पुसून झालं की इथं 'पुसलं' असं लिहायचं. सोमवारचे भाऊ, परतूरचे, ते म्हणाले एवढं टोकाला कशाला जायचं, आजींना समजावून सांगू. मी त्यांच्यावर अशी तुटून पडले की त्यांनी गट सोडला. आजही ते परतूरला दिसले तर मान फिरवतात. बाकीच्यांनी एकेक करून लिहिलं. पुसलं. पुसलं. पुसलं. काही जणांनी अंगठा पाठवला. मी सगळ्यात शेवटी बसले. तीन वर्षांचे आवाज. एकेकावर अंगठा दाबून धरायचा, मग खूण करायची, मग पुसायचं. अंगठ्याचा सांधा ठणकायला लागला तरी थांबले नाही. एकदाही त्रिकोणावर बोट ठेवलं नाही. एखादा ठेवावा असं वाटलं, खूप वाटलं. कुणाला कळलंही नसतं. पण गटात 'पुसलं' लिहायचं होतं, आणि मांडवातलं तुमचं बोलणं माझ्या कानात होतं. सगळे पुसले आणि लिहिलं.

सव्वा महिन्यानं मी जाफराबादला गेले, तेव्हा काकूंनी मला आत बोलावून हळूच विचारलं. तुमचा फोन दवाखान्याच्या धावपळीत कुठं पडला तो सापडलाच नव्हता. "तुमच्यातल्या कोनाकडं ह्यायचं बोलनं आसंल ना एखादं? तुमाला रोज पाठवायचे. माझ्याशी कधी फोनवर बोलले न्हाईत. घरातच तर होते." मी त्यांना सगळं सांगितलं. आजींचं, गोळीचं, पुसल्याचं. त्या पदराशी चाळा करत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमचंबी बराबर हाय." मला वाटलं त्यांनी ओरडावं. एकदा तरी म्हणावं की मला विचारायचं होतं. त्यांनी मला दोन घास खाऊन जा म्हणून थांबवून घेतलं आणि समोर बसून वाढलं.

त्यानंतर आपल्याकडे कुणी आवाज साठवून पाठवत नाही, हा नियमच केला आम्ही. ज्यांना वाचता येतं त्यांना लिहून, ज्यांना येत नाही त्यांना त्यांच्या वारी प्रत्यक्ष फोन. आजींचा फोन मी घेतला माझ्याकडे. दर शुक्रवारी सात वाजता. पहिल्या वेळी मी साधंच बोलले, आजी, आज शुक्रवार, गोळी घ्या, तर पलीकडून आवाज आला, "आशी न्हाई. गाडी लाव." मग मी तुमच्यासारखं पुकारलं. लाजत, दार लावून घेऊन. सहा वर्षं दर शुक्रवारी पुकारते आहे. आई आता हसतही नाही. तुमचे हेल, तुमचं ते 'ताबडतोब', सगळं मला येतं. दवाखान्याच्या बाकांवर कधी पुकारून दाखवलं तर ज्यांनी तुम्हाला ऐकलं होतं ते म्हणायचे, डोळे मिटले की काकाच. मला त्याचा अभिमान वाटायचा. पण आजींसमोर जायची छाती सहा वर्षांत झाली नाही. दर वेळी त्या म्हणायच्या ये, दर वेळी मी म्हणायचे येते. गेल्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "मी काय जादा दिवसाची न्हाई. येनार आसशील तर ये, न्हाई तर सांगून टाक." म्हणून परवा गेले.

परतूरला उतरून पुढे जीपनं. बाजारचा दिवस होता, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आजी ओसरीवर बाजेवर बसलेल्या. मला बघून पहिलं वाक्य, "तू मंगळवार का? मला वाटलं तू जाड आसशील." मी त्यांच्या पायाशी बसले आणि जे सहा वर्षं घोकलं होतं ते एका दमात बोलले, की आजी, तो पहिला आवाज मी टाकला होता, माझ्यामुळे तुमच्यावर ती वेळ आली. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मेले का मी? न्हाई ना. मंग सोड." आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मला इतकं मोकळं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं, की मी उगाच बोलत सुटले. त्या बोलण्यात काकूंचंही सांगून बसले. त्यांनी कसं विचारलं होतं, आणि एकही आवाज उरला नव्हता ते.

आजी उठल्या. धान्याच्या कोठीमागून एक कापडी पिशवी काढली, त्यातून हा फोन. नवा फोन आल्यावरही त्यांनी हा टाकला नव्हता. पंधरा दिवसांनी चार्ज करून ठेवतात. मी म्हणाले, आजी, तुम्ही पुसलं नाही? त्या म्हणाल्या, "तुमी म्हनले गटातलं पुसा. गटातलं समदं पुसलं सुनेनं. ह्ये गटातलं न्हाई. ह्ये त्यानं मला एकटीला धाडलेलं. ह्याच्यात गाडी न्हाई, गोळी न्हाई. निस्तं बोलनं हाय. रिकामी आसले की ऐकते." आणि त्यांनी वाकड्या बोटानं त्रिकोण दाबला.

सव्वा मिनिट. ऐकवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ओळखला का?" मी म्हणाले, "हो, लगेच." त्या खूष झाल्या. फोन परत पिशवीत घातला, वर चार्जर घातला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "जा, तिला ऐकव. कोनाच्या फोनात टाकू नको. आन शुक्रवारच्या आत मला आनून दे." रस्ताभर ती पिशवी मी मांडीवर धरून होते.

आता ते सांगते, ज्यासाठी दोन दिवस उठबस चालली आहे. काका, मला तुमचा आवाज ओळखू आला नाही. आजींनी त्रिकोण दाबला आणि कुणीतरी एक थकलेला माणूस हळूहळू बोलायला लागला. आजी जेवल्या का, पोराचं पत्र आलं का, थंडी लई आहे, हात झाकून झोपत जा. बारीक आवाज, जरा नाकातला, वाक्याच्या शेवटी विझणारा. मी वाट बघत राहिले की हा माणूस थांबेल आणि मग तुम्ही सुरू व्हाल. मिनिट संपत आलं तरी तुम्ही आला नाहीत. आणि मग मागून, लांबून, भांड्यांच्या आवाजातून एक बाई म्हणाली, "अवो, भाजीत मीठ टाकलं का मी? बघितलं का तुमी?" तो आवाज मी एका शब्दात ओळखला. त्या काकू होत्या. आणि तो थकलेला माणूस फोन तसाच धरून म्हणाला, "टाकलं, टाकलं." काकूंना उत्तर देतो आहे म्हणजे हे तुम्ही, असं मी अंदाजानं धरलं. सहा वर्षं दर शुक्रवारी पुकारून पुकारून तुमच्या जागी मीच येऊन बसले होते, आणि खरे तुम्ही समोर आलात तर मी तुम्हाला दारातही उभं केलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं जाफराबादला जाते. यावेळी परत फिरणार नाही. काकू पहिल्या श्वासालाच ओळखतील, त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. मीठ टाकल्याचं तुम्ही त्यांना सांगितलंत हेही त्यांना ऐकू येईल, बहुतेक पहिल्यांदाच. त्या मला विचारतील, तुमी ऐकलं का. मी म्हणेन ऐकलं. ओळखलं का विचारलं तर त्यांनाही हो म्हणणार आहे. गटात नाही, पण घरी खोटं बोललेलं चालतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. नाही ओळखलं हे फक्त तुम्हाला सांगितलं.